चादरीला हात लावा, माग वाजेल : साडेपाच हजारांत उजेड-आवाजाचं मांडणशिल्प

प्रदर्शनात हात लावला आणि लगेच काही घडलं, तर माणूस दुसराही हात लावतो आणि बरोबरच्याला हाक मारतो. घडायला अर्धा सेकंद उशीर झाला की "बंद आहे वाटतं" म्हणून तो पुढच्या स्टॉलकडे निघतो. या प्रकारच्या कामात पैसा आणि डोकं दोन्ही त्या पहिल्या क्षणावर खर्च करायचं. प्रोजेक्टर, कॅमेरा, मोठे स्पीकर हे सगळं नंतर, आणि बहुतेक वेळा लागतही नाही.

इथे दिलेली रचना सोलापूरच्या कॉलेजातल्या मुलांना, गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना किंवा शाळेच्या कलाशिक्षकांना दोन आठवड्यांत उभी करता येईल अशी आहे. सोल्डरिंग थोडंफार यायला हवं. प्रोग्रॅमिंग अगदीच नवं असेल, तर ते जाणणारा एक विद्यार्थी सोबत घ्या.

नेमकं काय बनवायचं

चार फूट रुंद आणि सहा फूट उंच अशी उभी चौकट. खालच्या अर्ध्या भागात ताणून बसवलेली सोलापुरी चादर, तिच्यावर पंजाच्या सहा खुणा. वरच्या भागात मांजरपाटामागे उजेडाचे सहा उभे पट्टे. हे पट्टे म्हणजे ताणा, मागावरचे उभे धागे. एखाद्या पंजावर हात ठेवला की त्याच्या वरचा पट्टा उजळतो, तिथून उजेड धोट्यासारखा (मागावर आडवा धागा नेणारा तो धोटा) आडवा धावत टोकाला जाऊन परततो आणि त्या पंजाचा आवाज वाजतो. सहाही पंजे एकदम दाबले की पूर्ण नक्षी उमटते. एका माणसाला हात दोनच, म्हणजे नक्षीसाठी तिघं लागतात. अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावणारी गोष्ट हीच आहे, म्हणून खुणा सहापेक्षा कमी करू नका. (पोरं कोपरं लावून दोघांतच जमवतात. जमवू द्या.)

सामान

भाव दुकानागणिक वर-खाली होतात, तेव्हा हे आकडे अंदाजापुरतेच धरा.

- ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्रॅम चालवणारा छोटा संगणक), ३० पिनांचा : १, सुमारे ४५० रुपये
- डब्ल्यूएस२८१२बी एलईडी पट्टी, मीटरला ६० दिवे, ५ व्होल्ट, सिलिकॉनचं आवरण नसलेली : ५ मीटरचं रीळ, ११०० (३ मीटर लागते, उरलेली दुरुस्तीसाठी)
- ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेपासून ५ व्होल्ट देणारा) : ६००
- डीएफप्लेअर मिनी (कार्डावरचे आवाज वाजवणारा) : २, मिळून ३००
- मायक्रो एसडी कार्ड, ३२ जीबी किंवा कमी : २, मिळून ५००
- ८ ओहम ३ वॉटचे छोटे स्पीकर : २, मिळून २००
- ७४एएचसीटी१२५ आयसी (३.३ व्होल्टचा इशारा ५ व्होल्टपर्यंत चढवणारी), रेझिस्टर (३३० ओहमचा १, १ किलोओहमचे ८), १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटर, ५ अँपिअरचा फ्यूज, टर्मिनल पट्ट्या : २५०
- तांब्याची चिकटपट्टी, एक इंच रुंद : २५०
- वायर, तीन पिनांचा प्लग, बंद डबा : ४५०
- लाकडी पट्ट्या आणि हार्डबोर्ड : ९००
- मांजरपाट, २ मीटर : २००
- डागी मालातली एक चादर : ३००

एकूण साडेपाच हजार. इलेक्ट्रॉनिक्सचे भाग ऑनलाइन मागवता येतात. पुण्याला कुणी जाणारं असेल, तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत बरंचसं एका फेरीत मिळतं. एलईडी पट्टी गावातल्या दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडे मागितलीत तर तो बहुधा १२ व्होल्टची साधी पट्टी देईल. तिचे सगळे दिवे एकदमच लागतात, प्रत्येक दिवा वेगळा चालवता येत नाही. आपल्याला लागणाऱ्या पट्टीवर ५ व्होल्ट, डेटा आणि ग्राउंड अशी तीन टोकं असतात आणि दिशेचा बाण छापलेला असतो. तेवढं बघूनच घ्या.

चादर नवी घेऊ नका. विणीत एखादा धागा चुकलेली डागी चादर स्वस्त पडते आणि लांबून दोष दिसत नाही.

चौकट

सुताराचं काम साधं आहे, फक्त मापं सांभाळा. जमिनीपासून ६० ते १२० सेंटिमीटर चादर, १२५ ते १७५ सेंटिमीटर उजेडाची पेटी. पंजांचे मध्य जमिनीपासून ९५ सेंटिमीटरवर आणि एकमेकांपासून २० सेंटिमीटरवर. या उंचीवर पहिलीतल्या मुलाचा हात पोहोचतो, व्हीलचेअरवरच्या माणसाचाही पोहोचतो आणि मोठ्यांना फार वाकावं लागत नाही. पाय मागच्या बाजूला किमान दोन फूट पसरलेले असू द्या आणि त्यांवर वाळूची पोती ठेवा. मुलं पंजाला हात "लावत" नाहीत, गुद्दे मारतात.

लोखंडी चौकट टाळा. पंजांच्या मागे धातू आला की स्पर्श ओळखणं मंदावतं.

उजेड

पट्टीचे ५० सेंटिमीटरचे सहा तुकडे करा, प्रत्येकात ३० दिवे. पांढऱ्या रंगवलेल्या हार्डबोर्डवर ते २० सेंटिमीटर अंतराने उभे लावा. पट्टीच्या पाठचा गोंद सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकत नाही. चाळिशीच्या वर पारा गेला की पट्टी सुटून लोंबू लागते आणि ग्लू-गनचा गोंदही मऊ पडतो. दर दहा सेंटिमीटरवर झिप-टाय बांधा किंवा सरळ दोऱ्याने टाका घाला.

मांजरपाट दिव्यांपासून ५ सेंटिमीटर पुढे हवा. दोन दिव्यांत जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर अंतर असतं. कापड त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब राहिलं, तर ठिपके मिसळून सलग पट्टा दिसतो, चिकटून राहिलं तर माळ दिसते. उजेड चादरीतूनच आरपार आणायचा मोह होईल, पण तिची वीण जाड असते आणि दिव्याचा जोर त्यातच जिरतो. चादर हातासाठी, मांजरपाट डोळ्यांसाठी.

आता विजेचा हिशेब. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर ओढतो. १८० दिव्यांचे झाले १०.८ अँपिअर, म्हणजे आपल्या एसएमपीएसच्याही वर. पण अंधाऱ्या खोलीत एवढा उजेड डोळ्यांना खुपतो. फास्टएलईडी या लायब्ररीत (दिवे चालवायच्या तयार प्रोग्रॅमच्या संचात) कमाल करंट बांधून देण्याची सोय आहे. तिथे ५ व्होल्ट आणि ३५०० मिलिअँपिअर लिहा, लायब्ररी स्वतःच उजेड आवरते. एसएमपीएस क्षमतेच्या निम्म्याहून कमी भारावर चालतो आणि मे महिन्यातही फार तापत नाही.

सहाही तुकड्यांना ५ व्होल्ट आणि ग्राउंड टर्मिनल पट्टीवरून स्वतंत्र द्या. एका तुकड्यातून दुसऱ्याला वीज पुढे नेलीत, तर शेवटच्या पट्ट्याचा पांढरा रंग पिवळट-तांबूस दिसू लागतो, कारण व्होल्टेज घसरलं की निळा रंग सर्वांत आधी मंदावतो. मुख्य वायर १.५ चौरस मिलिमीटरची घ्या. फ्यूज पट्ट्यांच्या ५ व्होल्टच्या वायरवर, कपॅसिटर टर्मिनलवर. कपॅसिटरची वजा बाजू नीट बघा, उलटा लागला तर फुटतो.

डेटा मात्र एका तुकड्यातून दुसऱ्यात जातो आणि वायर आखूड ठेवण्यासाठी तो नागमोडी फिरवायचा असतो : पहिला पट्टा खालून वर, दुसरा वरून खाली. म्हणून प्रोग्रॅममध्ये दर दुसऱ्या पट्ट्याची मोजणी उलटी करावी लागते. ही ओळ विसरली की नक्षी दातेरी दिसते आणि लोक तासभर वायरी तपासत बसतात.

ईएसपी३२ च्या पिनेतून ३.३ व्होल्टचा इशारा निघतो. पट्टी ५ व्होल्टवर असताना तिला सुमारे साडेतीन व्होल्ट अपेक्षित असतात. घरी टेबलावर हे बऱ्याचदा चालून जातं आणि प्रदर्शनाच्या दिवशी दिवे वाटेल तसे लुकलुकतात. मधे ७४एएचसीटी१२५ लावा : आयसीला ५ व्होल्ट, इनेबल पिन ग्राउंडला, इनपुट ईएसपी३२ च्या १८ नंबरच्या पिनेवरून. आउटपुटला ३३० ओहमचा रेझिस्टर, तोही पहिल्या दिव्याच्या जवळ. चाळीस रुपयांच्या या आयसीत कंजूसपणा नको.

स्पर्श

या कामातली सर्वांत अवघड आणि सर्वांत मजेशीर पायरी ही आहे.

ईएसपी३२ मध्ये स्पर्श ओळखणाऱ्या दहा पिना असतात. हात जवळ आला की पिनेला जोडलेल्या धातूची विद्युतधारिता (वीज साठवायची क्षमता) वाढते आणि बोर्ड ते मोजतो. हाताचा आणि धातूचा प्रत्यक्ष संबंध यावा लागत नाही, मधे सुती कापड चालतं. दहांपैकी ०, २, १२ आणि १५ या पिना बोर्ड सुरू होताना वेगळ्या कामाला लागतात, त्यांना मोठा धातू जोडला तर बोर्ड कधी सुरू होतो, कधी होत नाही. उरतात ४, १३, १४, २७, ३२ आणि ३३. बरोबर सहा.

पॅड असा करा : जाड पुठ्ठ्यावर तांब्याच्या पट्टीचे चार तुकडे शेजारी-शेजारी, मिळून साधारण १० सेंटिमीटरचा चौरस. पट्टीचा गोंद वीज वाहून नेतोच असं नाही, म्हणून तुकड्यांच्या जोडांवर सोल्डरचा ठिपका द्या. पुठ्ठा चादरीच्या मागच्या बाजूला चपखल शिवा. मधे हवा राहिली, तर हात लावला तरी आकडा हलत नाही.

पॅडपासून पिनेपर्यंतची वायर जितकी आखूड तितकी बरी, अर्ध्या मीटरच्या आत. म्हणजे बोर्ड चौकटीच्या मधोमध, चादरीच्या मागेच बसवायचा. या वायरी एकत्र गुंडाळू नका आणि एलईडीच्या डेटा वायरीपासून दहा सेंटिमीटर दूर ठेवा. प्रत्येक वायरीत बोर्डाजवळ १ किलोओहमचा रेझिस्टर घाला. जानेवारीच्या कोरड्या हवेत टेरिलीनचे कपडे घातलेल्या माणसाच्या बोटातून स्थिर विजेची ठिणगी उडते, तिच्यापासून बोर्ड वाचतो.

मूळ ईएसपी३२ मध्ये स्पर्श झाला की आकडा कमी होतो, एस२ आणि एस३ या नव्या बोर्डांत तो वाढतो. नेटवरून उचललेला प्रोग्रॅम उलटा वागत असेल, तर आधी आपला बोर्ड कुठला ते बघा. जाड चादरीमागून फरक थोडाच पडतो. हात नसताना ४० आणि हात असताना ३२, असं दिसलं तर घाबरू नका. मोजणीचा कालावधी वाढवायची आज्ञा असते, ती वापरली की आकडे मोठे होतात आणि फरक ठळक दिसतो.

"३५ च्या खाली म्हणजे स्पर्श" असा ठोकळ आकडा प्रोग्रॅममध्ये कधीही लिहू नका. सकाळची हवा, दुपारचा उकाडा, शंभर घामेजलेल्या हातांनी दमट झालेली चादर या सगळ्याने मूळ आकडा सरकतो. सुरू होताना प्रत्येक पॅडचे ५० आकडे घेऊन सरासरी काढा. तिच्यापेक्षा १५ टक्के खाली, तेही सलग तीन वेळा आलं तर स्पर्श. हात नसताना सरासरी हळूहळू नव्या आकड्याकडे सरकू द्या. आणि एखादा पॅड सलग ६० सेकंद दाबलेलाच दिसला, तर त्याची सरासरी नव्याने काढा. वीज जाऊन परत येते तेव्हा कुणाचा तरी हात पंजावर असतो, बोर्ड तोच आकडा मूळ धरतो आणि पुढे तो पंजा दगडासारखा गप्प बसतो. त्यावर उपाय हाच : सुरू झाल्यावर पहिली दोन मिनिटं सरासरी झपाट्याने वर सरकू द्यायची.

अर्थिंगचं महत्त्व इथे वेगळंच आहे. सर्किट जमिनीशी जोडलेलं नसेल, तर स्पर्शाचे आकडे नाचतात. एसएमपीएसचं अर्थ टर्मिनल तीन पिनांच्या प्लगमधून खऱ्या अर्थिंगला जोडलेलं हवंच, आणि ५ व्होल्टची वजा बाजूही त्याच टर्मिनलला जोडा. लॅपटॉप जोडलेला असताना उत्तम चालतं आणि काढला की बिघडतं, अशी तक्रार आली तर ती नव्वद टक्के इथलीच.

आवाज

आवाज एकाच जगातले निवडा. सोलापुरात हवं तेवढं आहे : यंत्रमागाचा ठोका, कांड्या भरण्याची घरघर, उखळात कुटल्या जाणाऱ्या शेंगा, कडक भाकरी मोडल्याचा कट्. एक पंजा बोलीसाठीही ठेवता येईल. मराठीत एक, तेलुगूत ओकटी, कन्नडात ओंदु. एकाच वाड्यात तिन्ही ऐकू येणाऱ्या गावात हा पंजा सर्वांत जास्त दाबला जाईल. पाळीव प्राणी, पाऊस, तबला, मोटारीचा हॉर्न अशी खिचडी मात्र नको. सहा चांगले आवाज मिळूनही काहीच सांगत नाहीत.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा शहराच्या पूर्व भागात रेकॉर्डिंगला जाल, तेव्हा मालकाबरोबर मागावरच्या कामगारालाही विचारा. ओढणी, सैल बाह्या आवरून घ्या. आधी माग धोट्याचा आहे का बघा, बिनधोट्याच्या नव्या मागाचा ठोका निराळा येतो. फोन मागाशेजारी धरला तर आवाज फाटतो. दारात, तीन-चार मीटरवर उभे राहा. रेकॉर्डिंगच्या अ‍ॅपमध्ये "गोंगाट कमी करा" अशी सोय चालू असेल तर ती बंद करा, नाहीतर अ‍ॅप मागालाच गोंगाट समजून पुसून टाकतं.

ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ते चार सेकंदांचे तुकडे कापा. सुरुवातीची शांतता अगदी शून्यापर्यंत छाटा, शेवटी मात्र आवाज हळूहळू विरू द्या. १५० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाका. दोन इंची स्पीकरला तो वाजवता येत नाही, नुसता पडदा थरथरतो. फाइल डब्ल्यूएव्ही ठेवा, एमपी३ करताना सुरुवातीला थोडी शांतता आपोआप घुसते.

डीएफप्लेअर एका वेळी एकच फाइल वाजवतो. दोन आवाज मिसळून हवे असतील तर दोन प्लेअर. पहिल्यावर मागाची मंद लय सतत, दुसऱ्यावर पंजांचे आवाज. पहिला १६ आणि १७ नंबरच्या पिनांवर, दुसरा २५ आणि २६ वर, वेग ९६००. प्लेअरच्या आरएक्स, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या पिनेत १ किलोओहमचा रेझिस्टर घातला नाही, तर स्पीकरमधून किरकिर येते. स्पीकरची दोन्ही टोकं थेट प्लेअरला जोडा, त्यातलं कुठलंही ग्राउंडला लावू नका. कार्ड एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा आणि फाइलींना चार आकडी नावं द्या : ०००१, ०००२, अर्थात इंग्रजी आकड्यांत. नावाऐवजी नुसत्या क्रमाने वाजवायची आज्ञा दिलीत, तर प्लेअर कॉपी केल्याचा क्रम धरतो आणि भाकरीच्या जागी माग वाजतो.

वीज आल्यावर प्लेअरला जागं व्हायला दोन सेकंद द्या. दोन आज्ञांमध्ये किमान २०० मिलिसेकंद ठेवा, पोरांनी पंजावर ढोल बडवला की प्लेअर गोठतो. आज्ञा दिल्यावरही आवाज यायला थोडा वेळ लागतोच. म्हणून प्रोग्रॅममध्ये आधी दिवा, मग आवाजाची आज्ञा, असाच क्रम हवा. डोळ्याला उत्तर मिळालं की कान तेवढं थांबतो.

धोट्याचा वेग अंदाजाने ठरवू नका. रेकॉर्डिंगच्या १० सेकंदांत ठोके मोजा. २० आले, तर एका फेरीला ५०० मिलिसेकंद, म्हणजे सहा पट्ट्यांत प्रत्येकी सुमारे ८३. उजेड आणि ठोका जुळले की चादर खरोखर विणली जातेय असं वाटतं.

उघडा स्पीकर पातळ वाजतो, कारण पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खातात. प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणाला भोक पाडून तो बसवा आणि डबा घट्ट बंद करा.

नक्षी

सहा पट्टे, तीस दिवे, एवढाच आपला आलेख. नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागाच्या कार्डात भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला नाही. आपलंही तसंच, दिवा लागलेला किंवा विझलेला. आलेख कागदावर ६ बाय ३० चौकोन आखून पेन्सिलने भरा. मोर, कमळ यात मावत नाही. त्रिकोणांची काठाची नक्षी, शंकरपाळी, चढत्या पायऱ्या सुरेख दिसतात. रंग दोनच घ्या, चादरीतलेच.

कुणीच हात लावत नसेल, तर ३० सेकंदांनी मागाची लय मंद करत बंद करा आणि एकच पट्टा सावकाश कमी-जास्त होऊ द्या. लांबून माणूस ओढायला तेवढं पुरतं. दिवसभर तिथे उभ्या स्वयंसेवकाच्या डोक्यालाही विश्रांती मिळते.

वीज, आग, परवानगी

एसएमपीएसच्या टर्मिनलवर उघडे २३० व्होल्ट असतात. तो जाळीदार बंद डब्यात, कापडापासून फूटभर दूर आणि मुलांच्या हातापलीकडे हवा. काहींवर ११० आणि २२० असा खटका असतो. तो २२० वर आहे याची खात्री करूनच प्लग लावा, आणि काहीही जोडण्याआधी मल्टिमीटरने बरोबर ५ व्होल्ट येतात का ते मोजा. मंडपवाल्याकडून वीज घेताना ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका) असलेल्या बोर्डावरूनच घ्या. सुती कापड आणि त्यावरचे सुटे तंतू पटकन पेटतात, जवळ अग्निशामक ठेवा.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती सरकारने जाहीर केलेलं असेल तिथे १०० मीटर शांतता क्षेत्र. आपले तीन वॉटचे स्पीकर सभ्य आहेत, तरी उघड्यावर लावायचं असेल तर जागेची आणि पोलिसांची परवानगी आधी घ्या. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) दिवसांत, जानेवारीत, अंधार लवकर पडतो, पण गर्दीच्या गोंगाटात हे ऐकूच येणार नाही. बंद खोली किंवा कॉलेजचा व्हरांडा बरा.

उभारणी

एक दिवस आधी जागेवर लावा आणि सलग आठ तास चालू ठेवा. घरी जमवलेली १५ टक्क्यांची मर्यादा तिथल्या अर्थिंगवर पुन्हा तपासा. मुख्य वीज दहा वेळा बंद-चालू करा, त्यातल्या पाच वेळा पंजावर हात ठेवून. मग एखाद्या अनोळखी माणसाला काहीही न सांगता समोर उभं करा आणि गप्प बसा. त्याने पाच सेकंदांत हात लावला नाही, तर दोष खुणांचा. आपल्याकडे प्रदर्शनात "हात लावू नये" वाचायची एवढी सवय आहे की नुसतं चित्र पुरत नाही. पंजा ठसठशीत रंगाच्या दोऱ्याने भरा आणि वर मोठ्या अक्षरांत लिहा : हात लावून बघा.

सोबत एक जादा ईएसपी३२ प्रोग्रॅम भरून, दोन्ही कार्डांची एकेक प्रत, फ्यूज, झिप-टाय आणि पॅडला लावायला थोडी तांब्याची पट्टी ठेवा. संध्याकाळी आवरताना चादर पॅडसकट घडी घालू नका, तांबं मोडतं. गुंडाळी करा, पॅड बाहेरच्या अंगाला ठेवून.